फाइल तीच, मग टीव्ही का अडतो? : घरच्या व्हिडिओबद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळी सर्वाधिक पत्रं एकाच तक्रारीची आहेत : संगणकावर चालतं, टीव्हीवर चालत नाही. म्हणून तिथूनच सुरुवात करतो. मेनूंची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत, म्हणजे पडद्यावर शोधायला सोपं जाईल.

प्रश्न : माझ्याकडे दोन फाइल आहेत. दोन्हींच्या नावाच्या शेवटी एमपी४ आहे. पेन ड्राइव्ह टीव्हीला लावला की एक लगेच चालते, दुसरीला ‘फॉरमॅट नॉट सपोर्टेड’ असा संदेश येतो. लॅपटॉपवर दोन्ही उत्तम चालतात. दुसरी फाइल खराब आहे का?

खराब नाही. एमपी४ हा नुसता डबा आहे, आत काय भरलं आहे ते त्याच्या नावावरून कळत नाही. अशा डब्याला कंटेनर म्हणतात. एमपी४, एमकेव्ही, एव्हीआय, एमओव्ही हे सगळे कंटेनर. आत चित्राचा एक प्रवाह, आवाजाचे एक किंवा अनेक प्रवाह आणि कधी सबटायटल्स असतात. चित्र किंवा आवाज कमी जागेत बसवण्याची आणि पुन्हा उलगडण्याची जी पद्धत असते, ती कोडेक. तुमच्या दोन फाइलींचा कंटेनर एक आहे, कोडेक बहुधा वेगळे आहेत.

लॅपटॉपवर व्हीएलसीसारखं सॉफ्टवेअर जवळजवळ सगळे कोडेक स्वतः उलगडतं. नवा कोडेक आला तर सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती टाकली की काम होतं. टीव्हीत आणि डिस्क प्लेअरमध्ये हे काम एका चिपवर होतं आणि त्या चिपमध्ये जे कोडेक बसवलेले असतात तेवढेच तिला येतात. एच.२६४ हा २००३ सालचा कोडेक आज जवळजवळ प्रत्येक यंत्राला येतो. एच.२६५ म्हणजेच एचईव्हीसी २०१३ चा, तो जुन्या फुल एचडी टीव्हींना सहसा येत नाही. एव्ही१ हा २०१८ चा, तो तर बऱ्याच ४के टीव्हींनाही येत नाही. टीव्हीचं सॉफ्टवेअर अपडेट केलं तरी चिप बदलत नाही, त्यामुळे त्यात वेळ घालवू नका.

फाइलमध्ये काय आहे ते आधी पाहा. व्हीएलसीत फाइल सुरू करा, ‘टूल्स’ मेनूत ‘कोडेक इन्फर्मेशन’ उघडा (विंडोजवर कंट्रोल आणि जे). चित्राच्या प्रवाहाखाली कोडेकचं नाव, रेझोल्यूशन आणि फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं) दिसतो. याहून बारीक माहिती हवी असेल तर मीडियाइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर घ्या, त्यात ‘बिट डेप्थ’, ‘प्रोफाइल’ आणि ‘लेव्हल’ या ओळीही असतात. बिट डेप्थ म्हणजे रंगाची छटा किती बिटमध्ये लिहिली आहे ते, प्रोफाइल म्हणजे कोडेकच्या कोणत्या सोयी वापरल्या आहेत ते आणि लेव्हल म्हणजे फाइल यंत्रावर किती भार टाकते ते. त्यांकडे नीट बघा. नाव एच.२६४ आहे पण बिट डेप्थ १० आहे, अशी फाइल बहुतेक टीव्ही नाकारतात, कारण त्यांच्या चिपला एच.२६४ फक्त ८ बिटमध्ये येतं. एच.२६५ मध्ये मात्र १० बिट सर्रास चालतं. लेव्हल ४.१ पेक्षा जास्त असेल तरी जुने प्लेअर अडखळतात. १०८०पी चित्र सेकंदाला ६० फ्रेमने घेतलं असेल, तर लेव्हल ४.२ वर जाते.

उपाय दोन आहेत आणि ते वेगळे ओळखायला हवेत. कोडेक टीव्हीला चालणारा आहे पण कंटेनर चालत नाही, असं असेल तर फक्त कंटेनर बदला. त्याला रीमक्स म्हणतात. चित्राला हात लागत नाही, दर्जा तसूभरही घटत नाही आणि काही मिनिटांत काम होतं. अॅव्हिडेमक्स या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ‘व्हिडिओ आउटपुट’ आणि ‘ऑडिओ आउटपुट’ दोन्ही ‘कॉपी’वर ठेवून ‘आउटपुट फॉरमॅट’ बदलला की झालं. कोडेकच चालत नसेल तर फाइल नव्याने एन्कोड करावी लागते. हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडा, ‘फास्ट १०८०पी३०’ हा प्रीसेट (तयार सेटिंगचा संच) घ्या, ‘व्हिडिओ’ टॅबमध्ये ‘एच.२६४’ एन्कोडर, प्रोफाइल ‘हाय’, लेव्हल ‘४.१’ ठेवा आणि दर्जाचा आकडा म्हणजे आरएफ २० ते २२ दरम्यान ठेवा. हा आकडा जितका कमी, तितका दर्जा चांगला आणि फाइल मोठी. १८ च्या खाली गेल्यास फाइल फुगते, डोळ्यांना फरक मात्र दिसत नाही. मूळ फाइल पुसू नका, प्रत्येक एन्कोडमध्ये थोडा तपशील कायमचा जातो.

फाइलच्या नावातला एमकेव्ही खोडून एमपी४ लिहिल्याने काहीही बदलत नाही. आणि फाइल आयफोनवर घेतलेली असेल तर ‘सेटिंग्ज’मध्ये ‘कॅमेरा’, त्यात ‘फॉरमॅट्स’ उघडून ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडा. पुढचं चित्रण एच.२६४ मध्ये होईल.

प्रश्न : एमकेव्ही फाइल टीव्हीवर चालते, चित्र स्वच्छ आहे, पण आवाज अजिबात नाही. ‘ऑडिओ नॉट सपोर्टेड’ असं लिहून येतं.

आवाज बहुधा डीटीएसमध्ये आहे. डीटीएस आणि डॉल्बी डिजिटल हे दोन्ही परवाना घेऊन वापरायचे कोडेक. बऱ्याच टीव्हींमध्ये डॉल्बी असतं आणि डीटीएस नसतं. व्हीएलसीच्या कोडेक खिडकीत डॉल्बी डिजिटल हे ‘ए५२’ किंवा ‘एसी३’ या नावाने दिसतं.

पहिल्यांदा रिमोटवरून ‘ऑडिओ ट्रॅक’ बदलून पाहा, त्याच फाइलमध्ये एएसी किंवा एसी३चा दुसरा ट्रॅक असू शकतो. नसेल तर अॅव्हिडेमक्समध्ये फाइल उघडा. ‘व्हिडिओ आउटपुट’ कॉपी, ‘ऑडिओ आउटपुट’ एसी३, ‘आउटपुट फॉरमॅट’ एमकेव्ही. ऑडिओच्या ‘कॉन्फिगर’मध्ये ५.१ म्हणजे सहा चॅनेलच्या आवाजासाठी बिटरेट (सेकंदाला खर्च होणारे किलोबिट) ४४८ किंवा ६४० ठेवा, स्टिरिओला १९२ ते २२४ पुरतो. मग सेव्ह. चित्र कॉपी होत असल्याने तासनतास थांबावं लागत नाही.

साउंडबार किंवा रिसीव्हर (स्पीकर चालवणारं यंत्र) जोडलेला असेल आणि त्याला डीटीएस येत असेल, तर टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये ‘डिजिटल आउटपुट’ हे ‘पीसीएम’वरून ‘बिटस्ट्रीम’ किंवा ‘पास-थ्रू’वर नेऊन पाहा. पीसीएम म्हणजे टीव्ही स्वतः आवाज उलगडून देतो. बिटस्ट्रीम म्हणजे न उलगडता पुढच्या यंत्राकडे सोपवतो. काही टीव्ही डीटीएस पुढेही जाऊ देत नाहीत, तिथे प्लेअर थेट साउंडबारच्या एचडीएमआय इनपुटला जोडणं हाच मार्ग.

प्रश्न : सिनेमात संवाद पुटपुटल्यासारखे आणि मारामारी कानठळ्या बसवणारी. टीव्हीच बिघडला आहे का?

नाही. ५.१ आवाजात संवाद मुख्यतः मधल्या चॅनेलमध्ये असतात. टीव्हीचे स्पीकर दोनच, त्यामुळे सगळे चॅनेल त्या दोघांत मिसळताना संवाद दबतात. प्लेअरच्या मेनूत ऑडिओ ‘स्टिरिओ’ किंवा ‘टू चॅनेल’ ट्रॅकवर न्या. तो नसेल तर ‘डीआरसी’, ‘नाइट मोड’ किंवा ‘डायनॅमिक रेंज कम्प्रेशन’ चालू करा. त्याने मोठे आवाज खाली आणि हळू आवाज वर येतात.

प्रश्न : ३२ जीबीचा पेन ड्राइव्ह पूर्ण रिकामा आहे, तरी ६ जीबीची फाइल त्यावर कॉपी होत नाही.

ड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला आहे. फॅट३२ मध्ये एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी असू शकत नाही, ड्राइव्ह कितीही मोठा असो. ड्राइव्हवरचं सगळं दुसरीकडे काढून घ्या आणि एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. टीव्हीला एक्सफॅट येत नसेल तर एनटीएफएस करून पाहा. डीव्हीडी प्लेअरच्या यूएसबीला मात्र बहुधा फॅट३२च लागतं. तिथे एमकेव्हीटूलनिक्स या सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडून ‘आउटपुट’ टॅबमधल्या ‘स्प्लिटिंग’मध्ये आकारानुसार तुकडे करा, दर्जा बदलत नाही.

प्रश्न : समारंभाच्या चित्रणाच्या एमपी४ फाइल डीव्हीडीवर कॉपी केल्या. डीव्हीडी प्लेअर ‘नो डिस्क’ म्हणतो. डिस्क संगणकावर चालते.

तुम्ही बनवलेली आहे ती डेटा डीव्हीडी. प्लेअरला हवी आहे व्हिडिओ डीव्हीडी. व्हिडिओ डीव्हीडीवर ‘व्हिडिओ टीएस’ नावाचा फोल्डर असतो. त्यात व्हीओबी फाइलींमध्ये चित्र-आवाज, आयएफओमध्ये कुठून काय सुरू होतं याचा नकाशा आणि बीयूपीमध्ये त्या नकाशाची राखीव प्रत. चित्र सहसा एमपीईजी-२ कोडेकमध्ये असतं. पाल या भारतातल्या टीव्ही पद्धतीत ७२० × ५७६, सेकंदाला २५ फ्रेम. फाइल नुसती ओढून टाकली तर यातलं काहीच तयार होत नाही. डीव्हीडी ऑथरिंगचं सॉफ्टवेअर वापरा, उदाहरणार्थ डीव्हीडीस्टायलर. ते फाइल एमपीईजी-२ मध्ये बदलून हा सगळा साचा उभा करतं.

एका थराच्या डिस्कवर ४.७ जीबी लिहिलेलं असतं, संगणक मात्र तीच जागा ४.३८ जीबी दाखवतो. यात फसवणूक नाही : डिस्कवर हजाराच्या पटीत मोजलेलं असतं, संगणक १०२४ च्या पटीत मोजतो.

किती तास घालायचे ते आधी ठरवा, कारण दर्जा त्यावरच अवलंबून आहे. बिटरेट म्हणजे सेकंदाला खर्च होणारे बिट. हिशेब असा : ४७०० मेगाबाइट गुणिले ८ म्हणजे ३७,६०० मेगाबिट. दोन तासांचे ७,२०० सेकंद. भागाकार सुमारे ५.२ मेगाबिट दर सेकंदाला. त्यातून आवाजाचे ०.२ ते ०.४ आणि साच्यासाठी थोडं वजा केलं की चित्राला साडेचारच्या आसपास उरतात, हे चांगलं दिसतं. चार तास कोंबले तर दोनच्या आसपास उरतात आणि नाचातल्या, गर्दीतल्या दृश्यांत चौकोनी ठिपके उठतात. अशा वेळी दोन डिस्क करा. वरची मर्यादाही आहे, चित्राचा बिटरेट ९.८ मेगाबिटच्या पुढे गेला की ती डिस्क डीव्हीडीच्या नियमात बसत नाही. घरी बनवलेल्या डिस्कसाठी ८ च्या खालीच राहा, जुने प्लेअर तिथे जास्त विश्वासाने वाचतात.

शेवटी डिस्क ‘फायनलाइझ’ करायला विसरू नका. सेटटॉप रेकॉर्डरवर किंवा डीव्हीडी कॅमकॉर्डरवर घेतलेल्या डिस्क दुसऱ्या प्लेअरवर न चालण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच असतं. ज्या यंत्रावर डिस्क लिहिली, त्याच यंत्राच्या ‘डिस्क सेटअप’मध्ये तो पर्याय असतो.

प्रश्न : परदेशातून आलेली डीव्हीडी ‘राँग रीजन’ दाखवते. ब्लू-रेलाही असंच असतं का?

डीव्हीडीचे सहा मुख्य विभाग आहेत. १ अमेरिका व कॅनडा, २ युरोप व जपान, ३ आग्नेय आशिया, ४ ऑस्ट्रेलिया व लॅटिन अमेरिका, ५ भारत व रशिया, ६ चीन. प्लेअरचा क्रमांक आणि डिस्कचा क्रमांक जुळला नाही तर डिस्क चालत नाही. संगणकाच्या ड्राइव्हवर विभाग पाचच वेळा बदलता येतो, त्यानंतर तो कायमचा अडकतो, म्हणून सहज म्हणून बदलू नका. ब्लू-रेचे तीनच विभाग आहेत, ए, बी आणि सी. ४के अल्ट्रा एचडी ब्लू-रेला विभागच नाही.

प्रश्न : नवा ४के टीव्ही घेतला आणि जुन्या डीव्हीडी आधीपेक्षा वाईट दिसू लागल्या. अपस्केलिंग करणारा प्लेअर घेतला तर फरक पडेल?

थोडा पडेल, पण जाहिरातीत दिसतो तेवढा नाही. पाल डीव्हीडीच्या एका फ्रेममध्ये ७२० × ५७६ म्हणजे ४,१४,७२० ठिपके असतात. ४के पडद्यावर ३८४० × २१६० म्हणजे ८२,९४,४००. हे बरोबर वीसपट. म्हणजे पडद्यावरच्या वीस ठिपक्यांपैकी एकाचीच माहिती डिस्कवर आहे, उरलेले एकोणीस शेजारच्या ठिपक्यांवरून अंदाजाने भरायचे. त्यालाच अपस्केलिंग म्हणतात. हे काम टीव्हीही करतो, त्यामुळे प्लेअर बदलण्याआधी हातातल्या जोडणीतले दोष काढा.

प्लेअर अजून पिवळ्या-पांढऱ्या-लाल वायरने जोडलेला असेल तर तो एचडीएमआयने जोडा. पिवळ्या वायरीतून रंग आणि उजेड एकाच सिग्नलमध्ये मिसळून जातात, म्हणून कडांना रंगीत झालर येते आणि बारीक रेघांच्या कपड्यावर रंग थरथरतात. एचडीएमआय नसेल पण हिरव्या-निळ्या-लाल वायरींचा कम्पोनंट पर्याय असेल तर तोही पिवळ्या वायरीपेक्षा खूप चांगला. मग प्लेअरचं आउटपुट आधी ५७६पी आणि नंतर १०८०पी ठेवून, एकच दृश्य दोन्हीकडे बघा आणि जे बरं दिसेल ते कायम करा. पहिल्यात टीव्ही चित्र वाढवतो, दुसऱ्यात त्यातलं बरंच काम प्लेअर करतो.

हलणाऱ्या माणसाच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसत असतील तर तो इंटरलेसिंगचा प्रश्न आहे. इंटरलेस्ड चित्रात एका फ्रेमच्या विषम ओळी एका क्षणाच्या आणि सम ओळी पुढच्या क्षणाच्या असतात, सेकंदाला २५ फ्रेम म्हणजे ५० अर्ध-फ्रेम. जुना डब्याचा टीव्ही त्या एकाआड एक रंगवायचा, त्यामुळे डोळ्यांना काही जाणवत नसे. आजचा पडदा पूर्ण फ्रेम एकदम दाखवतो. ‘१०८०आय’मधला आय म्हणजे इंटरलेस्ड आणि ‘१०८०पी’मधला पी म्हणजे प्रोग्रेसिव्ह, तो याच फरकासाठी. व्हीएलसीत ‘व्हिडिओ’ मेनूत ‘डीइंटरलेस’ चालू करून ‘डीइंटरलेस मोड’मध्ये ‘याडिफ (२एक्स)’ निवडा.

आणि टीव्हीचं ‘शार्पनेस’ खाली आणा, शून्याजवळ. ते जास्त असलं की डीव्हीडीतले एन्कोडिंगचे डागच टोकदार होतात. चेहरे फुगलेले दिसत असतील तर ४:३ चित्र १६:९ पडद्यावर ताणलं जातंय. ‘आस्पेक्ट’मध्ये ‘ओरिजिनल’ किंवा ‘४:३’ ठेवा, दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्या राहू द्या. त्या दोष नव्हेत.

प्रश्न : ४के एचडीआर फाइल लावली की रंग धुतल्यासारखे फिके दिसतात. केबल बदलायला हवी का?

केबल सिग्नल पोहोचवते किंवा पोहोचवत नाही, रंग फिके करत नाही. केबल कमी पडली तर पांढरे ठिपके चमकतात, चित्र क्षणभर काळं होतं किंवा सिग्नलच जातो. फिकेपणाची कारणं वेगळी.

एचडीआर म्हणजे उजेड-अंधाराचा जास्त मोठा पल्ला दाखवणारं चित्र. त्याच्या एचडीआर१० या प्रकारात उजेडाचे आकडे सर्वसाधारण चित्रापेक्षा वेगळ्या वक्रावर लिहिलेले असतात आणि रंगांची व्याप्तीही मोठी असते. पडद्याला किंवा प्लेअरला ते कळलंच नाही, तर तो ते आकडे साध्या पद्धतीने वाचतो आणि सगळं करडं दिसतं. म्हणून आधी टीव्हीवर एचडीआरची खूण उमटते का बघा. उमटत नसेल तर ज्या एचडीएमआय पोर्टला प्लेअर आहे, त्या पोर्टचं सेटिंग वाढवा. सॅमसंगवर ते ‘इनपुट सिग्नल प्लस’, एलजीवर ‘एचडीएमआय अल्ट्रा एचडी डीप कलर’, सोनीवर ‘एन्हान्स्ड फॉरमॅट’ या नावाने असतं. अनेक टीव्हींवर ते मुळात बंद असतं. मध्ये रिसीव्हर असेल तर त्यालाही एचडीआर आणि एचडीसीपी २.२ (कॉपी रोखणारं संरक्षण) येणं गरजेचं आहे, साखळीतला सगळ्यात जुना दुवा सगळ्यांची मर्यादा ठरवतो.

चित्र हिरवं-जांभळं दिसत असेल तर ते डॉल्बी व्हिजन या एचडीआरच्या दुसऱ्या प्रकाराचं प्रोफाइल ५ आहे. ते डॉल्बी व्हिजन न येणाऱ्या यंत्रावर नीट दिसत नाही, दुसऱ्या प्रकारची फाइलच लागेल. आणि लॅपटॉप जोडला तेव्हाच काळा रंग करडा दिसत असेल तर एका बाजूला ‘फुल’ (० ते २५५) आणि दुसऱ्या बाजूला ‘लिमिटेड’ (१६ ते २३५) असा घोळ आहे. दोन्हीकडे एकच ठेवा.

केबल घ्यायचीच असेल तर ‘एचडीएमआय २.०’ असल्या आकड्यांपेक्षा खोक्यावरचं लेबल वाचा. ४के सेकंदाला ६० फ्रेमसाठी ‘प्रीमियम हाय स्पीड’, १८ गिगाबिट. ४के १२० फ्रेम किंवा ८केसाठी ‘अल्ट्रा हाय स्पीड’, ४८ गिगाबिट. जितकी आखूड चालेल तितकी आखूड घ्या.

प्रश्न : मराठी सबटायटल्सच्या जागी चौकोन किंवा विचित्र चिन्हं येतात. इंग्रजी सबटायटल्स येतात, पण हळूहळू मागे पडतात.

विचित्र चिन्हं आली तर एसआरटी (सबटायटलची) फाइल नोटपॅडमध्ये उघडा, ‘सेव्ह अॅज’मध्ये एन्कोडिंग ‘यूटीएफ-८’ निवडून पुन्हा साठवा. चौकोनच येत असतील तर अक्षरं बरोबर आहेत पण प्लेअरकडे देवनागरी फाँट नाही. व्हीएलसीत ‘प्रेफरन्सेस’, ‘सबटायटल्स’मध्ये मंगल किंवा नोटो सान्स देवनागरी निवडा. टीव्हीवर फाँट घालता येत नाही, तिथे हँडब्रेकमध्ये सबटायटल ‘बर्न इन’ करून चित्रातच उमटवावं लागतं.

मागे पडण्याचे दोन प्रकार आहेत. सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच फरक असेल तर व्हीएलसीत जी आणि एच या कळांनी पुढेमागे करा. फरक वाढत जात असेल तर फ्रेम रेट जुळत नाही : सबटायटल सेकंदाला २३.९७६ फ्रेमच्या प्रतीवर केलेलं आणि तुमची प्रत २५ ची, किंवा उलट. फरक सुमारे ४ टक्क्यांचा, म्हणजे तासाभरात अडीच मिनिटं. कळांनी तो सुटत नाही. सबटायटल एडिट या सॉफ्टवेअरमध्ये ‘चेंज फ्रेम रेट’ने एसआरटी बदलून घ्या.

प्रश्न : व्हीएचएस कॅसेट डिजिटल करायच्या आहेत. काय काळजी घ्यावी?

कॅसेटच्या खिडकीतून टेपच्या कडेवर पांढरी भुकटी किंवा डाग दिसतात का, ते आधी बघा. ती बुरशी असते. अशी कॅसेट व्हीसीआरमध्ये घालूच नका. बुरशी हेडला (टेप वाचणाऱ्या भागाला) चिकटते आणि पुढच्या प्रत्येक चांगल्या कॅसेटवर पसरते. ती वेगळी ठेवा आणि टेप साफ करणाऱ्या जाणकाराकडे द्या. बाकीच्या कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवा, म्हणजे वर्षानुवर्षं घट्ट बसलेले वेढे सारखे होतात.

चित्रात बर्फासारखे ठिपके येत असतील तर हेड साफ करा. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि शॅमॉय कातड्याची काडी वापरा. काडी ड्रमला (हेड बसवलेल्या फिरत्या दंडगोलाला) हलकी टेकवून स्थिर धरा आणि ड्रम हाताने फिरवा. काडी वर-खाली कधीच फिरवू नका, हेड तुटतात. कापसाची काडी नको, तिचे तंतू हेडमध्ये अडकतात.

कॅप्चर यंत्र म्हणजे व्हीसीआरचा सिग्नल लॅपटॉपवरच्या फाइलमध्ये उतरवणारं यंत्र. त्याला पिवळी वायर चित्राची, पांढरी डाव्या आणि लाल उजव्या आवाजाची. व्हीसीआर मोनो असेल तर पांढरी एकच असेल, तो आवाज कॅप्चर झाल्यावर दोन्ही बाजूंना पसरवता येतो. सेटिंग ७२० × ५७६, २५ फ्रेम, इंटरलेस्ड आणि आवाज ४८ किलोहर्ट्झ. कॅप्चर करतानाच डीइंटरलेस करू नका, ते काम नंतर चांगल्या सॉफ्टवेअरने जास्त नीट होतं. जागेचा अंदाज : डीव्ही पद्धतीने तासाला सुमारे १३ जीबी, एमपीईजी-२ आठ मेगाबिटने ३.६ जीबी.

सगळ्यात त्रासदायक बिघाड म्हणजे आवाज हळूहळू ओठांपासून सुटत जाणं. जुन्या टेपचा वेग थोडा डगमगतो, सिग्नलमधल्या खुणा वेळेवर येत नाहीत आणि कॅप्चर यंत्र काही फ्रेम गाळतं. सॉफ्टवेअरमधला ‘ड्रॉप्ड फ्रेम्स’चा आकडा समोर ठेवा, तो वाढत असेल तर तिथेच थांबा. यंत्र यूएसबी हबऐवजी थेट लॅपटॉपला लावा, फाइल आतल्या डिस्कवर लिहा, लॅपटॉपचं स्लीप बंद करा. एवढ्यानेही थांबलं नाही तर व्हीसीआर आणि कॅप्चर यंत्र यांच्यामध्ये टाइम बेस करेक्टर लावावा लागतो, तो खुणा पुन्हा वेळेवर बसवतो.

बघण्यासाठीची प्रत हँडब्रेकमध्ये करा. ‘फिल्टर्स’मध्ये डीइंटरलेस ‘बीडब्ल्यूडिफ’ किंवा ‘याडिफ’, प्रीसेट ‘बॉब’ (प्रत्येक अर्ध-फ्रेमची पूर्ण फ्रेम करणारा), फ्रेम रेट ५०, आरएफ १८ ते २०. ५० फ्रेममुळे घरच्या चित्रणातली हालचाल मूळ टेपइतकीच सलग राहते. २५ केली तर अर्धी हालचाल हरवते. चित्राच्या तळाशी काही ओळी फडफडताना दिसतील. व्हीसीआर वाचताना एका हेडवरून दुसऱ्या हेडवर जातो त्याची ती खूण, बिघाड नव्हे. जुने टीव्ही कडा झाकत असल्याने पूर्वी दिसत नव्हती. त्या ओळी ‘क्रॉप’ने कापा.

कॅप्चरची मूळ फाइल दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा. ती शेवटपर्यंत चालवून, आवाज शेवटच्या मिनिटालाही ओठांशी जुळतो का हे तपासल्याशिवाय कॅसेट कोणाला देऊ नका.